शेवाळी टोप्यांचं टपालखातं

६ मार्च, रविवार

टेबल मिळालं! मिळालं! मिळालं!

तीनदा लिहिलं तरी समाधान नाही. वय वर्षं सत्तेचाळीस, पण फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात गिरकी घेतली आणि फ्रिजच्या दारावर कोपर आपटलं. बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "लाइन क्लिअर आहे का ते आधी बघत जा." बत्तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काढली. निवृत्त होऊन जमाना झाला, पण तोंडातली रेल्वे सुटत नाही.

तर — दहा एप्रिल, कार्डांच्या अदलाबदलीचा मेळावा, वाचनालयाचा वरचा हॉल, खिडकीजवळचं टेबल. आमच्या कार्डमंडळाच्या चिटणीसबाईंनी स्वतः कळवलं. त्यांना सगळे 'कायदेपंडित' म्हणतात. कोर्टात कारकून होत्या. कोर्ट सुटलं, कलमं नाही सुटली. फोनवरही आधी कलम वाचून दाखवलं, मग अभिनंदन!

कलमं मात्र चांगली आहेत. हाताने काढलेली नऊ कार्डं आणायची. नऊच, कारण प्लास्टिकच्या पानाला खिसे नऊ असतात. विकायचं नाही, विकत घ्यायचं नाही, कार्डाला कार्ड. आणि संध्याकाळी घरी जाताना स्वतःचं एकही कार्ड स्वतःकडे ठेवायचं नाही. म्हणजे माझी नऊ त्या एका दिवशी सगळ्यांसमोर एकत्र असणार, आणि पाच वाजता नऊ दिशांना जाणार.

म्हणूनच त्या दिवशी दादा तिथे हवा. बाकी कुणी येवो न येवो. कार्डांवरचं हे सगळं कार्टूनमधलं भुयार त्यानेच तर मला दाखवलं.

अडचण एकच — टेबलामागे बाबा असणार. आणि बाबा असतील तिथे दादा येत नाही. एकतीस वर्षं झाली.

७ मार्च, सोमवार

दातांच्या लॅबमध्ये दिवसभर कृत्रिम दात रंगवले, डोक्यात गोगलगाय. साहेब म्हणाले, "आज दाढ हसते आहे तुमची." हसू दे!

९ मार्च, बुधवार

गोगलगाय झाली. सात झाली, दोन राहिली.

ही गोगलगाय म्हणजे 'भुयार टपाल'मधली जलद टपालवाली. काय कार्टून होतं ते! जमिनीखालचं टपालखातं. घूस टपालमास्तर, बोगद्या-बोगद्यातून पत्रं पोचवणारी मंडळी, आणि तातडीचं पत्र असलं की ते हमखास गोगलगायीकडे. "आलेच!" म्हणून निघायची आणि पुढच्या आठवड्यात पोचायची. च्युइंगगमच्या पाकिटात त्याची कार्डं मिळायची, नुसत्या निळ्या शाईत छापलेली. माझ्याकडे चाळीसपैकी अडतीस आहेत अजून, पत्र्याच्या डब्यात. पण बघावं तिकडे टपालमास्तर! उभा टपालमास्तर, बसलेला टपालमास्तर, शिंकणारा टपालमास्तर. बाकीच्यांवर केवढा अन्याय! गांडूळ मावशी तारा लावायच्या. साळिंदर अंगावरच्या काट्यांनी शिक्के मारायचा. उलटराव वटवाघूळ सगळे पत्ते उलटे वाचायचे. ह्या कुणालाही कार्ड नाही. शेवटी म्हटलं, कुणी नाही काढली तर मी काढते.

माप अडीच इंच बाय साडेतीन इंच. ब्रश दातांच्या कामाचाच, तीन केसांचा म्हटला तरी चालेल. एका कार्डाला तीन दिवस. पाठीमागे त्यांचे गुण — वेग, अक्कल, खोडी, दहापैकी. (गोगलगाय — वेग शून्य, आत्मविश्वास दहा. 'आत्मविश्वास' हा रकाना खास तिच्यासाठी वाढवला.) कापायचं काम बाबांचं. स्टीलची पट्टी, धारदार सुरी, श्वास रोखून. अर्धा मिलिमीटर चुकला तर स्वतःवरच चिडतात. कार्टून म्हणजे पोरखेळ म्हणतात, पण कोपरे गोल करायच्या यंत्राला हात लावू देत नाहीत मला.

मंडळात एकाला माळ्यावर जुनी कॅसेट सापडली म्हणे. सगळ्यांनी फोनवर उतरवून घेतली, बघितली. मी नाही बघितली. चित्रं पुरी होईपर्यंत बघणार नाही! बघितली की नक्कल होते. माझ्या डोक्यात ते जसं आहे तसं कागदावर यायला हवं. इतकी वर्षं सांभाळलंय.

आणि सांभाळलंय ते दादामुळे. अकरा वर्षांची होते. सांध्यांचा ताप, आठ महिने अंथरूण. घरी टीव्ही काळा-पांढरा. रंगीत टीव्ही होता समोरच्या केशकर्तनालयात. दादा सोळाचा. दर आठवड्याला तिथे जाऊन उभा राहायचा. मी इकडे उशीला टेकून काळं-पांढरं बघायचे. संपलं की तो जिने धडधडत चढून यायचा आणि एकेक रंग सांगायचा. "बोगदा जांभळा आहे. कंदील पिवळा, पण कडेला निळसर. टोप्या शेवाळी. टपालाच्या पिशव्या शेवाळी." मी डोळे मिटून भरत जायचे. आज मी दाताच्या सोळा छटा पाठ सांगते, लॅबमध्ये माझा शब्द शेवटचा. पण रंग बघायला मी शिकले ते डोळे मिटून.

१२ मार्च, शनिवार

दादाला फोन केला. भट्टीवर होता, मागे पत्र्याच्या ट्रेचा खणखणाट. दोन तासांवरच्या गावात त्याची बेकरी आहे, पाव बरा करतो. बरा कसला, उत्तम करतो.

म्हणाला, "अगं अजून ते भुयार तुझ्या डोक्यात आहे?" हसला. मग, "बाबा असणार?"

"टेबलामागे. कार्डं त्यांनीच कापलीत."

"बघू."

वहिनीने फोन घेतला. "ताई, ह्यांचं 'बघू' म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको."

नको. मला माहीत आहे. दादा एकवीसचा असताना बाबांनी सगळी खटपट करून त्याला रेल्वेत सहायक चालकाच्या जागेसाठी उभं केलं. लेखी परीक्षा पास झाला. वैद्यकीय तपासणीला गेला, संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, "मी ही नोकरी करणार नाही." कारण विचारलं तर गप्प. बाबांनी ज्यांच्याकडे शब्द टाकला होता त्यांच्यासमोर मान खाली. घरात तोफखाना सुरू झाला तो दादा घर सोडून गेल्यावरच थांबला. मग काही दिवसांनी कळलं, साहेब बेकरीत कणीक तिंबताहेत! त्यानंतर दोघं आमनेसामने आले ते फक्त आई गेली तेव्हा. तेव्हाही दादा दारातच उभा राहिला, दारातूनच गेला.

मला भेटतो, बस स्टँडवर. पावाची पिशवी देतो, दहा मिनिटं बोलतो, परतीची बस पकडतो. हे काय भेटणं झालं?

१५ मार्च, मंगळवार

पत्रचोर कावळ्याची चोच ढगळ झाली. फाडला. पुन्हा सुरुवात. चिडून चहात मीठ घातलं. बाबा प्यायले, आणखी एक कप मागितला. म्हणजे मी चिडले की घाबरतात!

१८ मार्च, शुक्रवार

नऊ! नऊच्या नऊ! पानात लावली, खिडकीत धरली, अर्धा तास नुसती बघत बसले. पत्ता विसरलेला बेडूक तर इतका जमलाय की त्याचा पत्ता मीच शोधून द्यावा असं वाटलं. परवा मंडळात उजळणी आहे. आत्तापर्यंत त्यांनी माझी नुसती शाईची चित्रं बघितलीत. रंग परवा पहिल्यांदा! आज झोप येईल असं वाटत नाही.

२० मार्च, रविवार

हात दाखवून अवलक्षण!

पान टेबलावर ठेवलं. सगळे वाकले. मी आपली कौतुक झेलायला तयार. तर मागून एकजण फिस्सकन हसला. मग दुसरा. कायदेपंडित चष्मा पुसत म्हणाल्या, "दातवाल्या बाई, टोप्या?"

"टोप्यांचं काय?"

"टोप्या लाल असतात."

मी म्हटलं, शेवाळी असतात. त्या म्हणाल्या, लाल. मी म्हटलं, छत्तीस वर्षं मला माहीत आहे, शेवाळी! शेवटी चष्मेवाल्याने — त्याचं कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान आहे, मंडळातला सगळ्यात शांत माणूस — फोन काढून त्यावर कॅसेट लावली. जांभळा बोगदा. पिवळा कंदील, कडेला निळसर! मी टाळी वाजवणार, तेवढ्यात टपालमास्तर आला. टोपी लाल. पिशवी लाल. साळिंदराचा गळपट्टा लाल. गोगलगायीचा शंख लालबुंद, टोमॅटोसारखा.

तोंडात मारल्यासारखी बसले.

कलम चार — मूळ रंग पाळावेत. नाही तर टेबल रांगेतल्या पुढच्याला. नवी नऊ काढायची तर सत्तावीस दिवस लागतील, हातात एकवीस. कायदेपंडित वाईट वाटून म्हणाल्या, "पुढच्या रविवारी ठरवू." वाईट वाटलं तरी कलम ते कलम.

घरी येऊन सरळ दादाला फोन. "तू मला शेवाळी का सांगितलंस?"

मागे ट्रे आपटल्याचा आवाज. मग, "असेल गं. जुनी गोष्ट आहे." ठेवला!

असेल गं म्हणे! छत्तीस वर्षं मी डोळे मिटून खोट्या टोप्या बघतेय, आणि हा — असेल गं! इतका राग आला त्याचा. आई गेली तेव्हाही आला नव्हता एवढा.

२२ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

दुपारी चष्मेवाला लॅबमध्ये आला. पान परत बघायला मागितलं. खिडकीच्या उजेडात माझं एकेक कार्ड आणि शेजारी फोनवर तेच पात्र, असं लावत गेला. म्हणाला, "बघा. निळा बरोबर. पिवळा बरोबर. जांभळासुद्धा बरोबर. चुकलाय तो एकच रंग. जिथे जिथे लाल, तिथे तिथे शेवाळी. एकदाही फरक नाही. विसरणारा माणूस असा शिस्तीत विसरत नाही. रंग तुम्हाला कुणी सांगितले?"

"भावाने."

"त्याचे डोळे तपासलेत कधी?"

मला आधी कळलंच नाही. मग त्याने समजावलं. काही पुरुषांना जन्मापासून लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. लाल त्यांना मातकट, शेवाळी असा काहीतरी दिसतो. आईकडून येतं. लगेच पुढे म्हणाला, "तपासल्याशिवाय मी काही म्हणणार नाही हं. नुसती शंका."

शंका कसली! माझ्या डोक्यात सगळे दिवे एकदम लागले. रेल्वे. सहायक चालक. वैद्यकीय तपासणी. ज्याला लाल सिग्नल दिसत नाही त्याला रेल्वे कशी घेईल? दादाने नोकरी नाकारली नव्हती — त्यालाच नाकारलं होतं! आणि ज्या बापाने आयुष्य लाल-हिरव्या दिव्यांपुढे काढलं, त्याला पोराने हे सांगायचं कसं? म्हणून गप्प राहिला. एकतीस वर्षं!

आणि परवा मी त्याला फोनवर ओरडले. बेसिनचा नळ सोडून रडून घेतलं. साहेबांना वाटलं दात बिघडला.

२३ मार्च, बुधवार

सकाळी चहा झाल्यावर बाबांना सांगितलं. आधी कार्ड ठेवलं समोर, मग फोनवरचं चित्र, मग चष्मेवाल्याचं बोलणं. शेवटचं वाक्य बोलायची वेळच आली नाही.

"रंगाची चाचणी," बाबा म्हणाले. कप खाली ठेवला. "ठिपक्यांचं पुस्तक असतं. त्यात आकडा दिसला तर आत, नाही दिसला तर घरी. त्या खोलीबाहेर मी पोरांना रडताना बघितलंय. धट्टीकट्टी पोरं." मग उठून गॅलरीत गेले, परत आले. "त्याचे मोजे! एक हिरवा, एक तपकिरी! कॉलेजला तसाच जायचा!"

"हो!"

"आणि टोमॅटो! पिकलेले आण म्हटलं की कच्चे आणायचा! मी त्याला बावळट म्हणायचो. चारचौघांत म्हणायचो."

दोघं बसून आठवत राहिलो, एकेक पुरावा मिळत गेला. पतंग हिरवा की लाल यावरून झालेलं भांडण. आईची हरवलेली लाल पर्स, जी त्याच्या डोळ्यांसमोर होती. बाबा मध्येच म्हणाले, "हे तुझ्या आईकडून आलेलं. आमच्या घराण्यात असलं काही नाही!" आणि हसायला गेले, ते हसू मध्येच मोडलं. बाबांना मी आई गेली तेव्हासुद्धा असं रडताना बघितलं नव्हतं. "त्याला दिसत नव्हतं ते ठीक आहे," म्हणाले. "मला दिसायला काय झालं होतं?"

२४ मार्च, गुरुवार

बाबांनी दादाला फोन केला!!

नंबर मी लावून दिला. बाबा खुर्चीत ताठ बसून बोलले, जसे वरच्या साहेबाशी बोलायचे तसे.

"मी बोलतोय."

...

"त्या तपासणीत रंगांचं होतं ना? ठिपक्यांचं पुस्तक?"

...

"मला कळलंय सगळं. बहिणीच्या कार्डांवरून कळलं. तिच्यावर रागावू नकोस. तू आधी का नाही बोललास रे?"

मग नुसतं ऐकत राहिले. मला आत बोलावून घेतलं आणि हात माझ्या डोक्यावर ठेवला, कशासाठी कोण जाणे. शेवटी म्हणाले, "दहाला ये. आणि तिकडून परस्पर जाऊ नकोस. घरी जेवायला ये."

फोन ठेवल्यावर विचारलं, काय म्हणाला? "म्हणाला, लाज वाटली, बाबा."

२५ मार्च, शुक्रवार

येणार! वहिनीचा निरोप — "ताई, ह्या वेळी 'बघू' नाही म्हणाले. 'जाऊ' म्हणाले!"

२७ मार्च, रविवार

दादा येणार, पण टेबल राहणार का? सकाळी मंडळात गेले ती कंबर कसूनच.

म्हटलं, मी एकाही टोपीला हात लावणार नाही. मूळ रंग म्हणता ना? मला हे कार्टून मुळात असंच मिळालं. मी दुसरं पाहिलेलंच नाही. एकाने पुटपुटून विरोध केला. उद्या कुणी निळा टपालमास्तर आणेल, मग? चष्मेवाला जन्मात पहिल्यांदा मोठ्याने बोलला: "आणू दे. पण त्याला असा भाऊ हवा." सगळे हसले, तोही लाजून हसला.

कायदेपंडित मात्र वही उघडून बसल्या. मागे, पुढे, पुन्हा मागे. मला वाटलं, गेलं टेबल. मग म्हणाल्या, "कलम चार — मूळ रंग पाळावेत. मूळ म्हणजे कोणाचं मूळ, ते कलमात लिहिलेलं नाही. कलम मीच लिहिलंय, त्यामुळे चूक माझी. चुकीचा फायदा अर्जदाराला." आणि वही मिटली! मी त्यांना मिठीच मारली. त्या म्हणाल्या, "कलमात बसत नाही हे," पण हलल्या नाहीत.

३ एप्रिल, रविवार

बाबा न्हाव्याकडे जाऊन आले. आठवडा आधी! म्हटलं, बाबा, कार्डं माझी आहेत. म्हणाले, "माहीत आहे."

९ एप्रिल, शनिवार

उद्या! कार्डं पुसली, पान पुसलं, पेटी पुसली. बाबांनी ताटं किती ते तीनदा विचारलं. चार, बाबा, चार. आपण दोघं, ती दोघं. "ह्म्," म्हणाले, आणि पाचवं पुसून ठेवलं.

१० एप्रिल, रविवार

दहा वाजता हॉल उघडला. खिडकीतून उजेड सरळ टेबलावर. कायदेपंडितांनी स्वतःच्या कोर्टी अक्षरात पाटी लिहून आणली होती: "हे टपालखातं एका भावाने बहिणीला सांगितलं तसं." मी म्हटलं, कलम कुठलं? म्हणाल्या, गप्प बसा.

अकरा वाजून गेले. साडेअकरा. बाबा खुर्चीतून उठतात, बसतात, पट्टीने टेबलाची कड मोजतात. मला तर कुणी काय विचारतंय ते ऐकूच येत नव्हतं. एकीने उलटरावांची अक्कल विचारली तर मी "पावणेबारा" म्हणाले.

आणि दारात पावाचं खोकं. खोक्यामागे दादा. मागे वहिनी, तिचा हात दादाच्या पाठीवर, ढकलत असावी. केस पांढरे झालेत त्याचे, बस स्टँडवर हे कधी नजरेत भरलं नाही. सरळ टेबलापाशी आला. बाबा उभे राहिले. दोघांच्या मध्ये माझी नऊ कार्डं.

बाबा म्हणाले, "खोकं जड आहे का?"

दादा म्हणाला, "नाही."

"दे इकडे." आणि खोकं घेता घेता त्याचे दोन्ही हात धरून ठेवले. खोकं मध्ये तिरपं, पाव घरंगळायला लागले, वहिनी आणि मी गोळा करतोय, आणि हे दोघं सोडायला तयार नाहीत! चष्मेवाल्याने एक पाव उचलून तिथेच खाल्ला. म्हणाला, रेल्वेचं नुकसान झालं, पण गावाचं भलं झालं.

मग बाबांना कोण आवरणार! येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून, "हे माझ्या मुलाच्या डोळ्यांनी काढलंय. त्याला लाल दिसत नाही. आणि बघा, काय शोभतंय!" मध्येच दादाला माझी ओढणी दाखवून विचारलं, "हा कुठला दिसतो?" ओढणी लालभडक. दादाने जरा बघितलं. "शेवाळी," म्हणाला. बाबांनी असं बघितलं सगळ्यांकडे, जणू पोराला पदक मिळालं.

दादा गोगलगायीपाशी बराच वेळ उभा होता. मला हळूच म्हणाला, "तू सगळं तसंच्या तसं ठेवलंस?" म्हटलं, "तूच सांगितलंस ना." तो तोंड धुवायला म्हणून बाहेर गेला आणि पंधरा मिनिटांनी आला.

पाचपर्यंत आठ कार्डं गेली. बेडकाच्या बदल्यात बेडूकच मिळाला, दुसऱ्याच्या हातचा. चष्मेवाल्याने साळिंदर नेला, दुकानात लावणार. शेवटचा कावळा कायदेपंडितांनी घेतला. "चोर आहे, माझ्या नजरेखाली बरा." रिकाम्या पानाकडे बघून रडू येईल असं वाटलं होतं. आलंच नाही. घाई होती, घरी जेवायला माणसं होती!

दादा घरात आला. चप्पल काढली, आत आला, बाबांच्या शेजारच्या खुर्चीत बसला. बाबांनी स्वतः वाढलं. पाचवं ताट कुणासाठी ते मी विचारलं नाही, बाबांनी ते आईच्या जागेवर ठेवलं होतं. आज मी इतकी खूश आहे की अक्षरं नीट येत नाहीयेत, आणि उद्या लॅबमध्ये कुणाच्या तरी दाताचं वाटोळं होणार हे नक्की.

१२ एप्रिल, मंगळवार

जेवायच्या सुट्टीत दादाचा फोन. आधी विचारून घेतलं, बाबा जवळपास नाहीत ना. मग म्हणाला, "तुम्ही बाप-लेकीने सुतावरून स्वर्ग गाठलात. अगं, माझे डोळे ठणठणीत आहेत. त्या पुस्तकातला एकही आकडा चुकला नव्हता. मला ती नोकरीच नको होती, पाव भाजायचे होते. पण बाबांनी फोनवर इतक्या मायेने विचारलं, की नाही म्हणवेना."

"मग टोप्या?" मी ओरडलेच. सगळी लॅब वळली.

"तुला खरंच आठवत नाही? ते लाल औषध, दिवसातून तीनदा. लाल काहीही दिसलं की तुला उलटी व्हायची, रिबिनीसुद्धा फेकल्या होत्यास. कसं सांगणार, की तुझ्या लाडक्या टपालखात्यात जिकडे बघावं तिकडे लाल आहे? तुझं पांघरूण शेवाळी होतं. समोर तेच दिसलं." आणि फोन ठेवता ठेवता, "बाबांना सांगू नकोस गं."

नाही सांगणार.